हिराच्या क्रेटमधले डागी टोमॅटो

कंप्युटरवरल्या मंडळींनो, मी सांगतीय, नात टाइप करतीय.

आज ओतूरच्या टोमॅटो शेडमध्ये मुकादम पेटला. रंजी नवी, म्हणून तिच्यावरच घसरला. “डागी माल तूच भरलास! उद्यापासून येऊ नको.”

रंजी रडायला लागली. माल भरला व्हता माझ्या शेजारच्या हिरानं. तिला मोतीबिंदू झालाय, हे मला एकटीलाच ठाऊक. रोज मीच गुपचूप तिचं क्रेट पुन्हा निवडते. आज जमलं न्हाई.

हिरा खालमानेनं पुढचं क्रेट चाचपत भरत राहिली.

मी कुजबुजले, “हिरे, डोळे गेलेत, जीभ न्हाई. तू बोलतीस का मी बोलू?”

ती बोलली. रंजीचं काम राहिलं, हिराचं गेलं.

रोज घरी येताना हिरा माझा हात धरते. आज धरला न्हाई, एकटीच ठेचकाळत चालली.

तुमी असता, तर गप बसला असता का?