रंभेची दहा माणसं

आमच्या मुर्धा गावची रंभा हाताने चालवायच्या तीनचाकीवर बसली की रिक्षावालेसुद्धा बाजूला होत. लहानपणी पोलिओने तिचे पाय नेले, जीभ मात्र दुप्पट करून दिली. २००६ साली तिने डोक्यात घेतलं, अपंगांची सहकारी संस्था काढायची आणि कागदी पाकिटं बनवायची. अशी संस्था नोंदलेली असली की सरकारी कचेऱ्यांची कामं मिळू शकतात, हे तिला कुठूनसं कळलं होतं. फक्त कायद्याला दहा माणसं हवी होती, तीही दहा वेगवेगळ्या कुटुंबांतली.

रंभेने थेट चौक गावापर्यंत तीनचाकी दामटली आणि माणसं गोळा केली. कुबड्यांसकट मीही तिच्या तावडीत सापडलो. पूनम सागर वसाहतीतला ईश्वर आंधळा, पण कागदाची घडी अशी घालायचा की बघत राहावं. त्याच्या शेजारी रंभेने भूमिकाला खळ लावायला बसवलं. तिचा डावा हात जन्मापासून अधू. बसवलं कामाला आणि यांचं जमलं भलतंच! लग्न ठरलं, आम्ही पेढे खाल्ले, आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. लग्न रविवारी, संस्थेच्या नोंदणीसाठी चौकशीचे साहेब येणार मंगळवारी. नवरा-बायको म्हणजे एकच कुटुंब. आम्ही उरलो नऊ!

"लगीन दिवाळीनंतर करा, न्हायतर आमचं एक घर कमी पडतंय," रंभा भूमिकाच्या आईला, सुगंधाकाकूला ओरडून म्हणाली.

"मंडप सांगून झालाय! काय न्हाय पुढं ढकलायचं!" काकू गरजली. ती नेहमीच गरजायची, कारण तिला ऐकू कमी यायचं. कबूल मात्र करायची नाही. लोकच तोंडातल्या तोंडात बोलतात, म्हणायची. तिच्या टीव्हीवर अख्खी आळी आपापल्या घरात बसून मालिका ऐकायची.

"मी मंगळसूत्र पदराआड लपवते ना," भूमिका म्हणाली.

"पहिल्याच दिवशी खोटं? न्हाय जमायचं," रंभा म्हणाली आणि गप्प झाली. रंभा गप्प! एका माणसापायी तिची सगळी पायपीट, म्हणजे चाकपीट, पाण्यात जाणार होती.

तेवढ्यात काकू उठली. "लेक दिली का ती ईश्वरच्या घरची. माझं घर येगळं. माझं नाव लिव."

"काकू, संस्था अपंगांची हाय!" रंभा ओरडली.

काकूने उगाच पदर सारखा केला. "मंग मला कुठं ऐकू येतंय?"

आम्ही तोंडात बोटं घातली. दुसऱ्याच दिवशी वरातीसारखे सगळे सरकारी इस्पितळात. डॉक्टरांनी काकूच्या कानांना यंत्र लावलं, आवाज आला की हात वर करा म्हणून खुणेने समजावलं. काकूचा हात लगेच वर. "आला, आला! चांगला आला!"

"बाई, मी अजून मशीन चालूच केलेलं नाही," डॉक्टर म्हणाले. रंभा हसून हसून खाली पडायची बाकी राहिली. लग्नाआधी दाखला हातात आला.

मंगळवारी साहेब आले. हळू आवाजाचा माणूस. काकूला नाव विचारलं.

"मला ऐकू येत न्हाय, साहेब. मोठ्यानं बोला!" काकूने चारचौघांत सांगून टाकलं.

हिरव्या चुड्यातली भूमिका एकदम रडायलाच लागली. "आये, मी हाक मारायची आन् तू वळायची न्हायस," ती आईच्या कानाशी ओरडली. "ऐकू तर येतं म्हणायचीस! मला वाटायचं, माझा हात असा हाय म्हणून वळत न्हायस!"

काकू तिच्याकडे बघतच राहिली. मग तिने लेकीचा तो हात ओढून आपल्या मांडीवर घेतला, तसाच घट्ट धरून ठेवला आणि साहेबांना म्हणाली, "लिवा. दहावी मी."