पहिल्या पटावरची जागा

हैदराबाद संस्थानात पोलीस ॲक्शन होऊन दोनेक वर्षं झाली असतील. मी परभणीला शाळेत नवाच मास्तर लागलो होतो आणि संध्याकाळी एका वकिलांच्या ओसरीवर भरणाऱ्या बुद्धिबळ मंडळात जायचो. त्या हिवाळ्यात सोनपेठ, बोरी आणि झरीच्या मंडळींशी आम्ही साखळी सामने ठरवले. प्रत्येक गावाचे चार खेळाडू, चार पट.

आमच्या पहिल्या पटावर तहसिलीतून निवृत्त झालेले एक वयस्कर मुसलमान पेशकार बसायचे. आमच्यातल्या निम्म्यांना खेळ त्यांनीच शिकवला होता. चूक झाली की रागावत नसत, "फिरून बघा" एवढंच म्हणत. दुसऱ्या पटावर एक कापड दुकानदार. पोलीस ॲक्शनआधीच्या धुमाळीत त्याच्या थोरल्या भावाला हत्यारबंद टोळीनं गावात शिरून मारलं होतं. त्यानंतर तो बायकामुलांना घेऊन परभणीला आला. कुणाशी फारसं बोलायचा नाही, पण खेळायचा चिवटपणे.

झरीचा सामना जिंकून आम्ही ओसरीवर परतलो. पेशकार नमाजासाठी गेले, तसा दुकानदार वकिलांना म्हणाला, "माझं नाव काढून टाका."

"पेशकारसाहेब काही बोलले का?"

"न्हाई हो. लय भला माणूस हाय. पण ते आपल्या उर्दू ढंगात शह म्हणाले की मला पट दिसत न्हाई. अशाच बोलीत त्या लोकांनी माझ्या भावाला नाव विचारलं होतं. मी कडब्याच्या गंजीआड होतो."

एक सभासद म्हणाला, "तुमी कशाला जायलाय? जायचं तर त्यांनी जावं." आणखी दोघांनी माना डोलावल्या. मी चिडून म्हणालो, "त्यांनी काय गुन्हा केला?" आवाज चढले. वकिलांनी सगळ्यांना थांबवलं. "धर्म बघून सभासद काढायचा असेल, तर ही ओसरी मिळणार नाही," ते म्हणाले.

"मी त्यांना काढा म्हणलोच न्हाई," दुकानदार म्हणाला. "मला तेवढं जाऊ द्या." आणि चपला घालून निघून गेला.

हे पेशकारांच्या कानावर गेलंच. दुसऱ्या दिवशी ते शाळेच्या फाटकाशी उभे होते. "मास्तर, जरा सोबत चला." आम्ही कापडाच्या दुकानात गेलो. दुकानदारानं बसायला सांगितलं, पण ते उभेच राहिले.

"शेठ, तुमी मंडळात जा. मी आता घरी बसतो. नजर कमजोर झाली माझी."

"तुमची नजर चांगली हाय."

"मग दुसरं कारण सांगतो लोकांना."

"मी तुमाला जा म्हणलो न्हाई."

"तसं म्हणला न्हाईत. म्हणून तर आलो."

दुकानदार हातातल्या कापडाची घडी घालत राहिला. ती नीट बसेना. "चहा सांगतो," तो म्हणाला. "आज राहू द्या," म्हणून पेशकार पायरी उतरले.

त्यानंतर दोघंही आले नाहीत. सोनपेठला आम्ही दोन कच्चे गडी घेऊन गेलो आणि तीन पट हरलो. तिथल्या एका जुन्या खेळाडूला पेशकारांशीच खेळायचं होतं. त्यानं पुन्हा पुन्हा चौकशी केली. वकील म्हणाले, "तब्येत बरी नाही." बोरीचा सामना झालाच नाही.

उन्हाळ्यात पेशकारांची मुलगी त्यांना कायमचं हैदराबादला न्यायला आली. स्टेशनावर पोचवायला मी गेलो, तर दुकानदार आधीच येऊन उभा होता. त्यानं त्यांची ट्रंक उचलून डब्यात बाकाखाली सरकवली.

"घरचे बरे हायत?" पेशकारांनी विचारलं.

"बरे हायत."

एवढंच. गाडी गेली. बाजाराच्या रस्त्यानं परतताना दुकानदार म्हणाला, "त्यांचा काय दोष होता, मास्तर? पण त्या लोकांनी विचारलेलं मला अजून ऐकू येतं."

मी त्याच्या दुकानापर्यंत सोबत चालत गेलो.