कुलूप लागलेली घरं

हातातल्या पेन्सिलीने साहेब आधी दाराचं कुलूप वाजवायचे. दोनदा. टक, टक. मग कान देऊन उभे राहायचे. आता तुम्हीच सांगा, बाहेरून कुलूप घातलेल्या घरातून कोण ओ देणार? मला हसू यायचं.

"हसून काहून राहिलास? कुलूप घरपट्टी भरतंय व्हय?" असं म्हणून ते यादीतल्या त्या घराभोवती पेन्सिलीने गोल काढायचे.

आमच्या नगरपालिकेचे ते लेखापाल. मूळचे हट्टा गावचे. मी त्यांच्या हाताखालचा कारकून. अंदाजपत्रक करायचं म्हणजे मागच्या वर्षीचा आकडा घ्यायचा, जरासा फुगवायचा, झालं, असा माझा समज. यांचं भलतंच. जानेवारी संपत आला की यादी काखेत मारून गल्लोगल्ली फिरायचे. ज्या घरची माणसं पोटापाण्यासाठी पुण्याकडे गेली, त्यांची घरपट्टी जमेत धरायची नाही, हा त्यांचा नेम.

"न आलेल्या पैशावर खर्च बांधला की पहिला पगार झाडूवाल्या बायांचा थांबतो," म्हणायचे.

मी बेरीज दाखवली की चष्मा कपाळावर सारून विचारायचे, "बराबर हाये. पण खरं हाये का?" असा वैताग यायचा म्हणता! बेरीज जुळली, आणखी काय पाहिजे या माणसाला?

त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी नगरसेवकांना चौकात कमान हवी होती, बागेत कारंजं हवं होतं आणि वर अंदाजपत्रक शिलकीही हवं होतं. साहेब हटेनात. "न्हाई जमायचं," एवढंच. मग एक दिवस ते काकूंना, म्हणजे आपल्या बायकोला, गुडघे दाखवायला नांदेडला घेऊन गेले. त्याच दुपारी मला वरच्या मजल्यावरून नगराध्यक्षांचं बोलावणं आलं. नोकरीत कायम होण्याची माझी फाईल टेबलावर उघडी होती. दमदाटी कोणी केली नाही. चहा पाजला. मी खाली आलो, खोडरबर घेतलं आणि सगळे गोल पुसून टाकले.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी यादी उघडली. पानावरून बोट फिरवलं. रबराचा चुरा बोटाला लागला, तो त्यांनी फुंकून टाकला. मग माझ्याकडे वळले.

"कायम झालास का रे लेका?"

मी खाली बघत मान डोलावली. त्यांनी चष्मा डोळ्यांवर ओढला आणि अंदाजपत्रकावर सही केली. त्यांनी चारचौघांत माझी अब्रू काढली असती तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

सभेत बाकं वाजली, अंदाजपत्रक मंजूर झालं, कमान उभी राहिली. दिवाळीला तिजोरीत खडखडाट. झाडूवाल्या बायांचे पगार थांबले. जूनमध्ये निवृत्त झालेल्या साहेबांचे पैसेही अडकले, आणि त्या पैशांवर काकूंच्या गुडघ्यांचं ऑपरेशन अडलेलं.

दर सोमवारी ते यायचे, माझ्या टेबलासमोरच्या बाकावर बसायचे.

"काही आलं का रे?"

"पुढच्या महिन्यात, साहेब."

"बरं."

दोन वर्षं असं चाललं. मग एका सोमवारी ते आले नाहीत, त्यांच्या जाण्याची बातमी आली. काकू काठी टेकत लेकीकडे आखाडा बाळापूरला गेल्या. साहेबांचे पैसे अजून देण्यांच्या यादीतच आहेत.

आता लेखापाल मी आहे. परवा यादी घेऊन निघालो, कितीतरी वर्षांनी. साहेबांच्या गल्लीत वळलो. त्यांच्या दाराला कुलूप. टेबलाच्या खणात सापडलेली त्यांचीच पेन्सिल खिशात होती. ती काढून कुलूप वाजवलं. दोनदा. आणि भर दुपारी अंगावर सर्रकन काटा आला. आतून त्यांनी विचारलं तर काय सांगू?

"झालो साहेब, कायम झालो," मी दाराला म्हणालो.

शेजारची बाई बाहेर आली. "अवो साहेब, तिथं कोनी ऱ्हात न्हाई."

"ठाऊक आहे," म्हणालो, आणि कान देऊन तसाच उभा राहिलो.