विमानात राहिलेले देव

माझा देवावर विश्वास होता, पण माझ्यावाचून देवाचं नीट चालेल यावर मात्र नव्हता. चाळीस वर्षांत आमच्या वाईच्या घरातला बाळकृष्ण मी एक दिवस पारोसा ठेवला नाही. घर बंद करून गावाला जायचं तर देव तांदळात ठेवायची आमच्याकडे रीत आहे. डब्यात तांदूळ घालायचे, त्यात देव बसवायचे, म्हणजे आपण परत येईपर्यंत ते उपाशी राहत नाहीत. मला ते कधी पटलं नाही, म्हणून लांबचा प्रवासच मी टाळत आले. मागच्या हिवाळ्यात यजमानांचा दमा इतका बळावला की दवाखान्यात त्यांच्या उशाशी बसून मी एकेक श्वास ऐकत होते. तेव्हा काशीविश्वेश्वराला बोलले, हे बरे झाले की दोघं दर्शनाला येऊ. हे बरे झाले आणि बोललेलं फेडायची वेळ आली. तरीही मी तांदूळ काढले नाहीत. बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा पितळी डब्यात घातले आणि बरोबर घेतले. हे म्हणाले, "देव घेऊन देवाला भेटायला निघालीस होय?" मी तिकडे लक्ष दिलं नाही.

पुण्याहून सकाळचं विमान होतं आणि दोघांचाही हा पहिलाच विमानप्रवास. शेवटून तिसऱ्या ओळीत हे खिडकीशी बसले, मी कडेला. डबा मांडीवर घेऊन बसले तर हवाईसुंदरी आली आणि हिंदीत म्हणाली, हा वर ठेवावा लागेल. मी कुरकुर केली, पण ती काही ऐकेना. तिनं डबा दोन्ही हातांनी उचलून वरच्या कप्प्यात नीट ठेवला. मला मात्र तिचे रंगवलेले ओठ तेवढे दिसले. पुढे संकटात काय करायचं ते ती हातवारे करून समजावत होती, तेव्हा मी डोळे मिटून जप करत होते. पोरीबाळींचं काय ऐकायचं, असा माझा तोरा. आज लिहिताना लाज वाटते.

विमान जोरात धावायला लागलं आणि उडायच्या आतच डाव्या अंगाला धाडकन आवाज झाला. आम्ही पुढच्या खुर्च्यांवर आदळलो. विमान थांबलं, पण जळकट वास यायला लागला आणि छताशी धूर दिसू लागला. लगेच विमान रिकामं करायची सूचना झाली. ती मुलगी मागच्या दाराशी उभी राहून हिंदीत आणि इंग्रजीत ओरडत होती, पट्टे सोडा, सामान सोडा, इकडे या. डाव्या दाराच्या छोट्या काचेतून तिनं बाहेर पाहिलं. तिकडे आग होती, म्हणून ते दार तिनं उघडलंच नाही. एक धिप्पाड माणूस त्याच दाराच्या दांड्याला हात घालायला गेला, तर तिनं त्याला खांद्यानं मागे रेटलं आणि उजवीकडचं दार उघडलं. बाहेर रबराची घसरगुंडी फुगून जमिनीला टेकली.

आणि मी काय करत होते? वाटेत उभी राहून वरचा कप्पा उघडायला धडपडत होते. माझ्यामागे माणसं तुंबली. हे आत खिडकीशी अडकले होते, खोकत होते, आणि मी हलल्याशिवाय त्यांना बाहेर पडायला वाटच नव्हती. मला ते दिसत नव्हतं. ती दारातून दोनदा ओरडली. मी रडकुंडीला येऊन म्हटलं, "अगं, माझे देव आहेत त्यात!"

तिचं हिंदी, इंग्रजी सगळं गळून पडलं. "आवं मावशी, देव ऱ्हाऊ द्या! ते मागनं येत्याल. आदी तुमच्या मालकास्नी भाईर काढा!"

आपल्या मुलखाची बोली कानावर पडली आणि माझा हात आपोआप खाली आला. मी वळून पाहिलं तर ह्यांचे ओठ निळसर पडले होते. त्यांना दंडाला धरून ओढलं. ती म्हणाली, "बसू नगा, हात म्होरं करा, उडी टाका." हे आधी गेले. मी दारात कचरले, तेवढ्यात पाठीवर तिचा हात पडला आणि मी खाली पोचले. खाली गवतावर ह्यांनी खिशातला पंप ओढला. थोड्या वेळानं त्यांच्या छातीतली घरघर कमी झाली आणि माझ्या जिवात जीव आला.

सगळे उतरले तरी ती येईना. कुणी मागे राहिलंय का ते पाहायला ती धुरात परत गेली होती. शेवटी आली, अनवाणी, केस सुटलेले. खरं सांगायचं तर तेव्हाही मला आशा होती की तिनं डबा आणला असेल. तिचे हात रिकामे होते. देव मागे ठेवून ती माणसं मोजत होती.

नंतर विमानतळावर मी तिच्याजवळ जाऊन बसले. ती फलटणकडची, वडिलांचा ऊस. मी विचारलं, "देवाचं नाव घेतलंस का गं तेव्हा?"

"न्हाई वं मावशी, खोटं कशाला सांगू? दार उघडायच्या आदी भाईर बघायचं, येवढंच ध्यानात हुतं. दर वर्साला परीक्षा घेत्यात आमची, धुरात, अंधारात. मग आंग आपसूक करतं."

चाळीस वर्षांत माझा जप एवढा अंगात मुरला नव्हता. मी तिच्या पायांकडे वाकले तशी ती घाबरून उठली आणि तिनंच मला नमस्कार केला. चमत्कार झाला का, ते मला ठाऊक नाही. त्या दिवशी माझ्या यजमानांचा श्वास मला परत मिळाला, आणि तो देणारा हात मी पाठीवर अनुभवला आहे. रोज दिवा लावताना त्या लेकीची आठवण येते.

चौथ्या दिवशी डबा घरी आला. आत बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा जसेच्या तसे, कापडाला थोडा धुराचा वास.

दिवाळीनंतर आम्ही पुन्हा काशीला निघालो. सकाळी पूजा केली, डब्यात तांदूळ घातले, दोन्ही देव त्यात बसवले आणि वर फडकं बांधलं. कुलूप लावताना ह्यांनी सवयीनं विचारलं, "काही राहिलं का?"

"देव राहिले," मी म्हटलं, "चला."