मॅनेजरनं नारळ घेतला

माझं गुजराती चांगलं आहे, हाच माझा मोठा दोष. सुरतेच्या मराठी शाळेत तीस वर्षं शिकवलं, निवृत्त झालो, तरी पांडेसऱ्यात कुणाचं लाइटबिल जास्त आलं की गल्ली माझ्याच दारात. सगळे आमचे खानदेशी, बहुतेक डाइंगच्या मिलमध्ये कामाला. "सर, तुम्ही बोला, तुमचं ऐकतात," असं म्हटलं की मी लगेच चपला शोधायला लागतो. बायको म्हणते, तुम्हाला हरभऱ्याच्या झाडावर चढवायला शिडीसुद्धा लागत नाही.

गल्लीत ते क्रिप्टोचं नाणं आणलं मिलमधल्या एका मुकादमानं. नाणं म्हणजे हातात काही नाही, पैसे भरायचे आणि फोनमधला आकडा बघायचा. तो रोज वाढायचा, पण काढता यायचा नाही. नाणंवाल्या कंपनीनं वरून निरोप धाडला की मोठमोठी दुकानं हे नाणं घ्यायला लागली की ते नोटेसारखं चालेल, तर आपापल्या गावातल्या दुकानांना तयार करा. उधन्याकडे देशभर शाखा असलेलं एक मोठं दुकान आहे, किराण्यापासून कपड्यांपर्यंत सगळं मिळतं. तिथल्या मॅनेजरला पटवायचं काम माझ्याकडे आलं.

माझा त्या नाण्यावर काडीचा विश्वास नव्हता. माझी धाकटी बहीण विधवा आहे, घरी बसून साड्यांना टिकल्या लावते. मेहुण्यांच्या मागे मिलमधून जो फंड मिळाला, तो तिनं खोलीसाठी राखून ठेवला होता. ती राहते ती भाड्याची खोली मालक तिलाच विकायला तयार होता. तिनं मला विचारलं तेव्हा मी स्पष्ट सांगितलं, या भानगडीत पडू नकोस. आणि तरीही मी मॅनेजरकडे गेलो. का गेलो? पाच माणसं दारात येऊन "सर" म्हणाली, म्हणून गेलो. दुसरं कारण मला आजही सापडत नाही.

आमच्यात सोयरीक मागायला पाच जण जातात, तसे आम्ही पाच जण गेलो. टॉवेल, टोपी, नारळ घेऊन. मी म्हटलं, अरे, तिथे कुठे मुलगी बघायला चाललोय? मुकादम म्हणाला, "सर, मोठ्या माणसाकडे रिकामा हाते जातस का?" दाराशी वॉचमननं पिशवी उघडून नारळ फिरवून फिरवून पाहिला आणि त्यावर हिरवं स्टिकर चिकटवलं. हा बाहेरून आणलेला माल, बिलात धरायचा नाही.

मॅनेजर कोवळा होता, माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचा. खुर्च्या दोनच, म्हणून आम्ही ट्रॉल्यांच्या रांगेपाशी उभ्यानंच बोललो. मी घरून पाठ करून गेलो होतो ते सगळं गुजरातीतून सांगितलं. त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काका, आ बधुं हेड ऑफिसथी नक्की थाय. अमारा हाथमां कशुं नथी." म्हणजे ठरतं ते हेड ऑफिसात, याच्या हातात काही नाही. मी जरा लावून धरलं, तेव्हा त्यानं ग्राहकांच्या सूचनांचा फॉर्म दिला. वळणदार अक्षरात मी तो भरला आणि पेटीत टाकला. संपलं, असं मला वाटलं.

तेवढ्यात मुकादमानं मॅनेजरच्या डोक्यावर टोपी ठेवली, खांद्यावर टॉवेल टाकला आणि हातात तो स्टिकरवाला नारळ दिला. बिचारा लाजला. आज कुठला सण आहे, असं मला हळूच विचारलं. वडीलधारी माणसं, नाही कसं म्हणणार, म्हणून नारळ घेऊन उभा राहिला. फोटो निघाला. त्याच्या शेजारी मी, तोंडभर हसणारा.

त्या संध्याकाळी गल्लीच्या मोबाइलवरच्या ग्रुपात फोटो आला, खाली दोनच शब्द: नारळ घेतला. त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. पण आमच्यात समोरच्यानं नारळ घेतला की सोयरीक पक्की. मग तो शब्द मोडत नाहीत, मोडला तर जातभाईंत तोंड दाखवायला जागा राहत नाही. हे त्या गुजराती पोराला कुठून ठाऊक असणार? मला मात्र ठाऊक होतं. "त्यांनी नाही म्हटलंय" एवढं मी लिहिलंही. पण तोवर खाली हात जोडलेल्यांची रांग लागली, "सर, तुमच्यामुळे झालं." मी लिहिलेलं पुसलं. म्हटलं, एकेकाला भेटून समजावू.

आठ दिवसांनी बहीण शिऱ्याचा डबा घेऊन आली, तेव्हा मला कळलं. तिनं सगळा फंड त्या नाण्यात घातला होता. मी ओरडलो, मी नको म्हटलं होतं ना? ती शांतपणे म्हणाली, "तुना फोटू देखा, म्हनीसन दिधात पैसा." मी डब्याचं झाकण परत लावलं.

पुढे फोनमधला आकडाही दिसेनासा झाला. मुकादमाचे स्वतःचे पैसेही गेले, तो आता लांब पलसाण्याच्या मिलमध्ये जातो, गल्लीत मान वर करत नाही. पोलिसात अर्ज दिला, तोही माझ्याच अक्षरात. शेवटी मी एकटा पुन्हा त्या दुकानात गेलो. मॅनेजरची बदली झाली होती. एक किलो साखर घेऊन मी रांगेत उभा राहिलो आणि काउंटरवरच्या मुलीपुढे बहिणीचा, तो आकडा गेलेला फोन धरला. म्हटलं, बेटा, एवढ्या साखरेपुरतं तरी यातून घे. ज्या नाण्याला मी थोतांड म्हणत होतो, त्याच्यासाठी मी हात जोडत होतो. ती म्हणाली, "अंकल, कॅश, कार्ड के स्कॅन?" मागची माणसं खोळंबली होती. मी साखर तिथेच ठेवून आलो.

मालकानं खोली दुसऱ्याला विकली. सामान टेम्पोत चढवायला मी गेलो होतो. भांडी, शिलाई मशीन, मेहुण्यांचा फोटो, टिकल्यांचे डबे. सगळं चढल्यावर ती रिकाम्या खोलीच्या उंबऱ्यावर बसली आणि मला विचारलं, "भाऊ, नारय तं लिधा व्हता ना त्यानी?"

तीस वर्षं मी मुलांना खरं बोलायला शिकवलं.

"लिधा व्हता," मी म्हणालो.

"मंग व्हयी कधी ना कधी," ती म्हणाली, आणि उठून तिनं दाराला कडी घातली.