विकतची माणसं

जेवण अंगावर आलं तशी पद्मजा चौगुले हॉलच्या फरशीवरच आडवी होते. चटई घालायचाही कंटाळा. पंखा कुरकुरतोय, आतल्या खोलीत सासूबाईंचा डोळा लागलाय, आणि छातीवर ठेवलेला फोन तिच्या श्वासाबरोबर वरखाली होतोय. काल तिनं पुण्याच्या एका कंपनीकडून पुन्हा नावं विकत घेतली. धंद्यात त्याला लीड म्हणतात. आरोग्य विम्याची कुठंतरी चौकशी केलेल्या माणसांची नावं आणि त्यांचे फोन नंबर. तीच नावं कंपनी आणखी चारपाच एजंटांनाही विकते. हे कंपनी सांगत नाही, पण आज सकाळी पहिल्याच गृहस्थानं तिला सांगितलं, तेही शिव्यांसकट.

थोडं पडू आणि मग पुढचा नंबर लावू, असं ती स्वतःला बजावते. पापण्या जड होतात. बोटं आपल्याआपणच नंबर लावतात, निदान तिला तसं वाटतं. पलीकडं घंटी वाजते. कुणीतरी फोन उचलतं.

"नमस्कार, मी जयसिंगपूरहून पद्मजा चौगुले बोलतेय. आपण आरोग्य विम्याची..."

"माझा नंबर कुठनं मिळाला गं तुला?"

आवाज ती लगेच ओळखते. तिचे सासरे, भूपाल चौगुले. साऱ्या गावाचे आण्णा. त्यांना जाऊन आता दुसरा उन्हाळा आहे.

"विकत घेतला, आण्णा," ती म्हणते.

ती उठून बसते तर फरशीवर कापलेले केस पडलेत आणि हॉल आता न्हाव्याचं दुकान आहे. खुर्चीत आण्णा बसलेत. गळ्याभोवती पांढरं कापड, अर्ध्या चेहऱ्याला साबणाचा फेस. न्हावी नाही. आरशात आण्णांचा चेहरा दिसत नाही, मागची बाजारपेठ तेवढी दिसते, उन्हात ओसाड पडलेली. हे विचित्र आहे असं पद्मजाला वाटत नाही. आण्णा याच खुर्चीत बसून विमा विकायचे. जैन बस्तीत पूजेनंतर, बारशाला, तंबाखूच्या वखारीत, जिथं टेकतील तिथं माणूस पॉलिसीला तयार. आयुष्यात त्यांनी कुणाला आपणहून फोन केला नाही. लोकच त्यांना शोधत यायचे.

"चौगुल्यांच्या सुनेनं माणसं विकत घ्यायची?" आण्णा म्हणतात. "कोथिंबिरीची जुडी आहे काय ती?"

"माणसं नाही, नावं."

"मग मी जोडून ठेवलेली माणसं कुठं गेली?"

"दुसऱ्या एजंटांकडं."

"का म्हणून?"

"मी त्यांना प्रश्न विचारते म्हणून."

आण्णा उठतात. गळ्यातलं कापड तसंच, गालावरचा फेसही तसाच. "चल माझ्यासंगं," म्हणतात आणि चालू लागतात. ती मागोमाग जाते. गल्ली ओळखीची आहे, फक्त घरं खूप जवळजवळ आलीत, एका घराच्या सोप्यातून थेट दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात पाय पडतो. आण्णा पोचायच्या आधी दारं उघडतात. या आण्णा, बसा आण्णा. प्रत्येक घरात चहाचा कप पुढं येतो. तिच्याकडं कुणी बघत नाही. आण्णा प्रत्येक कपातला एक घोट घेतात, घरधन्याच्या पाठीवर थाप मारतात आणि मागं वळून तिला सांगतात, "आजार काही नाही. लिही." पुढच्या घरात तेच. "ठणठणीत आहे. लिही."

"मी त्यांना विचारलेलं नाही अजून," ती म्हणते.

"मी ओळखतो की."

पुढचं दार उघडतं ते दवाखान्याच्या लांबलचक बोळात. फिनेलचा वास येतो. बाकावर कुसुमताई मगदूम बसल्यात, मांडीवर डब्याची पिशवी. आण्णा त्यांना बघतात आणि गर्रकन वळतात. पद्मजा त्यांच्या गळ्यातल्या कापडाचं टोक धरते.

"सोड," आण्णा म्हणतात.

"नाही सोडत. बसा इथं."

कुसुमताईंचे यजमान आण्णांचे जिवलग. त्यांची पॉलिसी आण्णांनीच काढली होती. आण्णा गेले आणि महिना-दोन महिन्यांत मगदूमकाकांची किडनी बिघडली. दवाखान्यानं कागदावर लिहिलं, पेशंटला जुना मधुमेह. कंपनीनं विम्याचा अर्ज काढून बघितला, त्यात मधुमेह नव्हता. कंपनीनं हात वर केले. मळ्याचा तुकडा विकून काकांचे उपचार झाले. कुसुमताई तेव्हा पद्मजाकडं आल्या होत्या, पण भांडायला नाही. "आण्णांना मी काही म्हणत नाही बाई," एवढंच म्हणाल्या होत्या. "देवमाणूस होता." त्या दिवशी पद्मजा खाली मान घालून बसली होती. देवमाणसाविरुद्ध काय बोलायचं, हे तिला सुचलं नव्हतं.

आज सुचतं.

"काका तुमच्याबरोबर रोज बिनसाखरेचा चहा प्यायचे," ती म्हणते. "तुम्हाला माहीत होतं."

"माहीत होतं म्हणूनच लिहिलं नाही. साखर लिहिली असती तर हप्ता वाढला असता, नाहीतर कंपनीनं घेतलंच नसतं. आपला माणूस होता तो. त्याला कसं अडवू?"

"तुम्ही नाही अडवलंत. कंपनीनं अडवलं, तेही नेमकं दवाखान्यात."

"मैत्री राखली मी, पद्मा."

"मैत्री राहिली, आण्णा. मळा गेला."

कुसुमताई पिशवीचे बंद सोडतात, पुन्हा बांधतात. त्यांना या दोघांचं बोलणं ऐकू येतंय की नाही, कळत नाही. आण्णांच्या गालावरचा फेस वाळून त्याची सालपटं निघायला लागलीत.

"लोक काय म्हणतात ठाऊक आहे?" आण्णा आवाज चढवतात. "आण्णाची सून पोलिसासारखं विचारते. बीपी आहे काय, ऑपरेशन झालंय काय, दारू पिता काय. अशानं कोण येईल तुझ्या दारात?"

"नाही आले तर नाही आले. परवा तुमचा भाचा आला होता. त्याच्या सासऱ्यांची बायपास झालीय, ती लिहू नको म्हणाला. आण्णांनी केलं असतं म्हणाला. मी म्हटलं, केलं असतं, म्हणूनच मी करणार नाही. चहा अर्धा ठेवून उठून गेला."

"बघ."

"तुम्हीच बघा. ओळखीच्या माणसाला मला विचारता येत नाही. विचारलं तर त्याला राग येतो, नाही विचारलं तर त्याचं घर बसतं. परका माणूस शिव्या देतो, फोन आपटतो, दहातले आठ तर आपटतातच. पण जो थांबतो त्याला मी सगळं विचारू शकते, आणि तो खरं सांगतो. उद्या लग्नात मी त्याच्या शेजारी जेवायला बसणार नसते ना. म्हणून मी नावं विकत घेते. उद्याही घेईन, परवाही घेईन. तुमच्या नावावर मला एकही पॉलिसी नको."

सासऱ्यांपुढं ती एवढं कधी बोलली नव्हती. ते होते तेव्हा तिचं उत्तर बहुतेकदा "हो आण्णा" एवढंच असायचं. तिला वाटतं आता ते रागावतील, निघून जातील. ते तिच्या शेजारी बसतात. बाक तोच आहे, पण समोर आता उदगावचा रस्ता आहे, तापलेला, आणि डोक्यावर एसटीच्या थांब्याचा पत्रा. आण्णा गेले ते इथंच. बसची वाट बघता बघता. डॉक्टर म्हणाले, अचानक झालं, कुणाला कल्पना असणार.

"मग मला विचार," आण्णा म्हणतात. "परक्यासारखं विचार."

"नाव?"

"भूपाल आदगोंडा चौगुले."

"साखर?"

"नाही."

"रक्तदाब?"

"थोडा."

"छातीत कधी दुखलंय?"

आण्णा रस्त्याकडं बघतात. उसाचा रिकामा ट्रॅक्टर आवाज न करता समोरून जातो.

"दुखत होतं," ते म्हणतात. "चढ लागला की. दिवाळीच्या आधीपासनं."

पद्मजा विचारते, सकाळपासून सगळ्यांना विचारत होती त्याच आवाजात. "कुणाला सांगितलं होतं?"

"कुणाला सांगायचं? घरात सगळी आपलीच माणसं."

तिला सासूबाई आठवतात, जिना चढताना मध्येच थांबून आण्णा जी चप्पल नीट करायचे ती आठवते. चप्पल नीटच असायची.

"हे मी लिहिणार, आण्णा."

"लिही."

लांबून एसटी येताना दिसते. आण्णा उठतात, गळ्यातलं कापड काढून घडी करून बाकावर ठेवतात. "तरी सांगतो, विकतची माणसं ती विकतचीच," ते म्हणतात. हे म्हटल्याशिवाय त्यांना जाता येणार नव्हतं, हे तिला कळतं.

"असू देत," ती म्हणते.

ते सदऱ्याच्या खिशात बोटं घालतात. तंबाखू सोडल्यापासून त्या खिशात कायम लवंगा असायच्या. "घसा बसलाय तुझा. तोंड उघड." ती उघडते. लहान पोरीला भरवावं तशी ते लवंग तिच्या जिभेवर ठेवतात. बोटांना साबणाचा वास आहे. एसटी थांबत नाही, फक्त हळू होते, आणि आण्णा तरण्या माणसासारखे फुटबोर्डावर चढतात. ते हात करत नाहीत. तीही करत नाही.

फरशी पाठीला गरम लागते तेव्हा तिला जाग येते. लाईट गेलीय, पंखा बंद आहे, मानेखाली घामाचं थारोळं. आतून सासूबाईंनी कूस बदलल्याचा आवाज येतो. पद्मजा उठून बसते आणि जीभ दातांशी नेते. काहीतरी टोचतं. ती ते बोटांच्या चिमटीत धरून बाहेर काढते. लवंग आहे, अख्खी, ओली झालेली, माथ्यावरचं बोंड शाबूत. आण्णा गेल्यापासून सासूबाईंना तो वास सोसत नाही, म्हणून या घरात कुणी लवंग आणलेली नाही.

ती बराच वेळ त्या लवंगेकडं बघत राहते. मग लवंग परत तोंडात टाकते, एका गालात सरकवते, आणि पुढचा नंबर लावते.