निर्गुडीचा शेक

कॉलेजच्या पहिल्या वर्षी मला घरून पत्र आलं, की वहिनीचे पाय दुपारी चालत नाहीत. आमचं गाव चुडाव्याजवळ. मी हैदराबादेत शिकत होतो. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. पत्र गावच्या मास्तरांनी लिहून दिलं होतं. आदल्या साली वहिनीला डाव्या डोळ्यानं महिनाभर धुरकट दिसत होतं, ते आपोआप निवळलं. या दोन गोष्टींचा संबंध असेल असं कुणाच्या मनात आलं नाही. माझ्याही नाही.

मी उत्तरात लिहिलं, की हा वात असणार. निर्गुडीच्या पाल्याचा शेक द्या, कढत पाण्यानं अंघोळ घाला, एक दिवस खंड पडू देऊ नका. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. माय आजवर जे करत आली तेच मी शुद्ध भाषेत लिहिलं होतं. पण कॉलेजातून आलेलं म्हणून त्याला वजन आलं. मायनं एकाचे दोन शेक केले.

उन्हाळ्याच्या सुटीत गेलो, तर वहिनी पहाटे सडा टाकत होती. पाय थोडा ओढत, पण चालत होती. मग अंघोळ झाली, शेक झाला, आणि ती भिंतीला टेकून बसली ती उठेचना.

"बघ, तूच बघ," माय म्हणाली. "सकाळी घोडीवानी हिंडती, अन् कामाची येळ झाली की पाय जात्यात. सोंग हाय सगळं."

"सोंगच करायचं तर सणाला केलं असतं, आत्याबाई," वहिनी म्हणाली. "पुरणपोळी तरी बसून खाल्ली असती."

माय हसली नाही. भावानं ठरवलं होतं, आखाजीचा सण झाला की वहिनीला माहेरी पाठवायचं. तिचं पोरगं इथंच राहणार होतं. परत आणण्याचं कुणी बोलत नव्हतं आणि दुसरी मुलगी पाहून ठेवलेली होती.

एकदा मोठ्या दवाखान्यात दाखवू, असं मी भावाला म्हणालो. तो नाखुशीनंच तयार झाला. आम्ही तिघं रेल्वेनं हैदराबादला गेलो. डॉक्टरांनी तिचे तळपाय खरवडले, डोळ्यांत बत्ती धरून पाहिलं. मग विचारलं, गरम पाण्यानं अंघोळ केल्यावर ताकद आणखी कमी होते का?

"भाऊजींना इचारा," वहिनी म्हणाली. "त्यांच्याच कागदावरून चालू हाय."

अंघोळ, शेक आणि मग पाय जाणं, सगळं मी डॉक्टरांना सांगितलं. आजाराचं इंग्रजी नाव लांबलचक होतं; मी ते दोनदा विचारून वहीत उतरवलं. मला समजलं ते इतकं : मेंदूच्या आणि पाठीच्या कण्याच्या आतल्या नसांवरचं आवरण जागोजागी खराब होतं. आदल्या सालचं डोळ्याचं धुरकटणंही त्यातलंच. अंग तापलं की तिथून निरोप पुढं जात नाही, निवलं की पुन्हा जातो. म्हणजे सकाळची वहिनीही खरी होती आणि दुपारचीही. बरं करणारं औषध नव्हतं. काही काळ ठीक जाईल, मग वाढेल, असं डॉक्टर म्हणाले.

घरी येऊन मी मायला सगळं सांगितलं. शेक लिहिला ते माझं चुकलं, हेही सांगितलं. ते सांगायला मला दोन दिवस लागले.

मायनं विचारलं, "म्हंजी रोज मीच तिला पाडायलते?"

मी नुसतं हो म्हणालो.

आखाजीनंतर वहिनीचा भाऊ गाडी जुंपून आला. तिचं गाठोडं माझ्या भावानं आधीच ओट्यावर आणून ठेवलं होतं. माय दारात उभी राहिली.

"उन्हाचं कुठं नेतूस तिला? भाकर खा अन् जा माघारी."

"ऊन उतरल्यावर नेतो की, मावशी."

"ऊन उतरल्यावर बी न्हाई."

पोरगं गाठोड्यावर चढून बसलं होतं. मायनं त्याला उतरवलं आणि गाठोडं आत नेलं. त्या साली वहिनी कापूस वेचायला पहाटे जाई आणि ऊन चढायच्या आत परते. दुपारची तिची ओळ माय वेचत असे.